सासऱ्यांचा कॉम्प्युटर

शनिवार, ४ जानेवारी २०२५. मुलुंड पूर्व.

आलो एकदाचा मुंबईत. पुण्याहून निघताना आईने असा गळा काढला, जणू मी सीमेवर निघालोय. निघालो होतो सासुरवाडीला. नवीन नोकरीचं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, आणि त्या बाजूला घर घ्यायचं तर सगळा पगार घरमालकाच्या घशात घालावा लागला असता. त्यावर रेवती म्हणाली, आईकडे आतली खोली रिकामीच आहे की. मित्रांनी घरजावई म्हणून यथेच्छ टर उडवली. उडवोत बापडे. त्यांना या पदाचे फायदे ठाऊक नाहीत.

फायदे एकेक सांगण्यासारखे आहेत. दारात भाकरतुकडा ओवाळला, जेवायला बासुंदी केली, मी पाण्यासाठी उठलो तर सासूबाईंनी तांब्या हातातून काढून घेतला. त्यांचं नाव जयंती, मी त्यांना आई म्हणतो, त्या मला निहारराव म्हणतात आणि अहोजाहो करतात. जावयाला इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही आणि त्याच्या कुठल्याही म्हणण्याला नाही म्हणायचं नाही, असा इथला कायदा दिसतो. मला तो एकदम पसंत आहे.

इमारतीबद्दल न बोललेलं बरं. नवप्रकाश सहकारी गृहनिर्माण संस्था! प्रकाश जिन्यात नाही, नवं काहीच नाही, लिफ्ट नाही. भिंतीवर सूचनांचा फलक मात्र भला मोठा. माझे कैलासवासी सासरे शरच्चंद्र हे या साम्राज्याचे वर्षानुवर्षं सेक्रेटरी. गेल्या श्रावणात हृदयविकाराने गेले. मग वर्षाच्या आत उरकायचं म्हणून आमचं लग्न मार्गशीर्षात साधेपणाने झालं. मी त्यांना एकदाच भेटलो होतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं, तुम्ही कॉम्प्युटरवाले म्हणजे नेमकं काय दुरुस्त करता? मी म्हटलं, दुरुस्त नाही करत, लिहितो. त्यावर ते खाकरले आणि पेपर वाचायला लागले. असली माणसं मला ओळखायला वेळ लागत नाही.

रविवार, ५ जानेवारी

आतल्या खोलीत खिडकीशी एकच टेबल, आणि त्या टेबलावर सासऱ्यांचा कॉम्प्युटर. क्रोशाचं झाकण, दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू, त्यावर रोज सकाळी एक ताजं फूल. समोर लाकडी खुर्ची, पाठीवर त्यांचा पंचा. खुर्चीत कुणी बसत नाही. झाडू मारतानासुद्धा आई ती न हलवता खालून केरसुणी घालतात. हा कॉम्प्युटर नाही, समाधी आहे. जगात माणसं कुठे पोचली आणि ही मंडळी प्लास्टिकच्या डब्याला फुलं वाहतायत.

जेवताना मी सरळ सांगितलं की आठवड्यातले काही दिवस मला घरून काम असतं, टेबल लागेल, आणि कॉम्प्युटर हलवायचा नसेल तर मी तो चालू करून वापरीन. रेवतीने आईकडे बघितलं. आईंनी आमटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं." झालं. परवानगी मिळाली.

नंतर रेवतीने मला बाजूला घेऊन विचारलं की आई आणखी काही बोलली का. मी म्हटलं नाही. मग ती म्हणाली, काही असतं तर आई बोलली असती.

शनिवार, ११ जानेवारी

आज मुहूर्त लागला. डबा उघडला तर आत धुळीची गादी आणि एका कोपऱ्यात पालीची अंडी. पंखा फिरेना. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, घड्याळाचा सेल बदलला, पंख्यात शिवणयंत्राचं तेल सोडलं. आई दारात उभ्या राहून बघत होत्या. मी पंचा काढून बाजूला फेकला आणि खुर्चीत बसलो तेव्हा त्यांनी तोंडावर हात धरला. मला वाटलं शिंक आली.

बटण दाबलं, एक बारीक शिट्टी वाजली आणि म्हातारा उठला. कॉम्प्युटर म्हणतोय मी. आत 'सूचना' नावाचा एक फोल्डर, दुसरं काही नाही. माणसाने आयुष्यभर फक्त सूचना लिहिल्या! 'पहिल्या मजल्यावरील सभासदांनी जिन्यात चपला काढून जिन्याची शोभा वाढवू नये.' 'सदर इमारत ही कबुतरांची नसून सभासदांची आहे, याची दाणे टाकणाऱ्यांनी नोंद घ्यावी.' 'गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्यांनी स्वतःचेच पापड परत न्यावेत.' मी एकटाच खो खो हसत होतो. सगळ्या जगाला तुच्छ लेखणारा माणूस, आणि सत्ता किती, तर पाण्याच्या टाकीच्या झाकणापुरती.

डिस्क पूर्ण पुसून टाकली. रेवती म्हणाली, बाबांच्या फायली कुठे ठेवल्यास? मी म्हटलं, ठेवण्यासारखं काय होतं त्यात. ती खोलीतून निघून गेली. माझ्या तोडीचं उत्तर तिला सुचलं नसावं.

रविवार, १२ जानेवारी

असल्या खटाऱ्यावर नवीन विंडोज चढणं शक्य नाही. हलकं लिनक्स पेनड्राइव्हवर घेतलं आणि टाकलं. सगळं विनातक्रार झालं. शेवटी वापरणाऱ्याचं नाव विचारतं, ते भरलं, मशीन बंद होऊन चालू झालं आणि पडद्यावर आलं: स्वागत, शरच्चंद्र.

म्हणजे डिस्क नीट पुसली गेली नव्हती, जुनं काहीतरी शिल्लक राहिलं. पुन्हा पुसली, पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. जुन्या डिस्क अशाच असतात, मरता मरता नखरे करतात. नवी आणतो.

बुधवार, १५ जानेवारी

ऑफिसात मूर्खांचा बाजार आहे. माझी मॅनेजर अपूर्वा, माझ्याहून लहान, तिने आज मला केबिनमध्ये बोलावून हसत विचारलं की तू मेल कुणाकडून लिहून घेतोस. मी सगळ्या टीमला लिहिलं होतं की सदर चुका पुन्हा निदर्शनास आल्यास संबंधितांनी परिणामांस तयार राहावे. इंग्रजीत, पण शब्द हेच. मी असं लिहीत नाही. पण वाचल्यावर वाटलं, चुकीचं काय आहे त्यात? लोकांना वळण नाही ते नाहीच.

आज लॅपटॉपचा पासवर्ड आठवेना. कॉलेजात असल्यापासून एकच आहे माझा. ऑफिसातल्या माणसाकडून नवा करून घेतला. दमलोय बहुतेक.

शनिवार, १८ जानेवारी

घाटकोपरला मेट्रोजवळच्या दुकानातून कोरी करकरीत डिस्क आणली. जुनी काढून गच्चीवर टाकली. आता भुताखेतांना जागाच नाही, असं मी रेवतीला मुद्दाम म्हटलं, कारण ती कालपासून माझ्याकडे विचित्र नजरेने बघतेय. तिला म्हटलं, मागे उभी राहा आणि बघ.

इन्स्टॉल झालं. नाव विचारलं. मी एका बोटाने, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, निहार असं भरलं. मागे रेवती किंचाळली.

ती म्हणते, मी तोंडाने नि-हा-र म्हणत होतो आणि बोट श, र, च करत कळफलकावर फिरत होतं. म्हणते, मशीन काहीच करत नाहीये, निहार, तू करतोयस. मी तिला वेड्यात काढलं. मग पडद्यावर बघितलं. तिथे माझं नाव नव्हतं. कळफलक खराब असणार. दुसरा लावून बघतो.

रविवार, १९ जानेवारी

कळफलक खराब नाही.

आज सकाळी एक गोष्ट घडली, ती जशीच्या तशी लिहून ठेवतो. मी खिडकीशी पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरातून आईंनी हाक मारली, "अहो!" आणि मी "ओ" दिली. सहज, बेसावध. आई बाहेर आल्या. त्यांच्या हातात चहा होता, बिनसाखरेचा, बशी वर झाकलेली. मी बिनसाखरेचा चहा पीत नाही. त्या म्हणाल्या, जिभेला सवय हो, चुकून गेलं तोंडातून. कप माझ्यापुढे ठेवला आणि जाईनात.

चहा प्यायलो. चांगला होता.

बुधवार, २२ जानेवारी

तळमजल्यावर धोंडिराम सावंत राहतात. गिरणी बंद झाल्यावर या बाजूला आलेले मालवणी गृहस्थ, सासऱ्यांचे जन्माचे भांडखोर मित्र. आज मी जिन्यातल्या चपला पायाने लोटत होतो तेव्हा ते मागून शरदराव म्हणून ओरडले. मी वळलो. ते भिंतीला टेकले. मग मला घरात नेऊन पाणी दिलं, आणि खरं तर स्वतःच प्यायले.

त्यांनी जे सांगितलं ते असं. सासऱ्यांच्या दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. कावळे होते ढीगभर, सगळे पाठ करून बसलेले. रेवतीने सांगितलं, मी लग्न करीन, आईला अंतर देणार नाही. शिवेना. सावंतांनी सांगितलं, सोसायटी मी सांभाळतो. त्यावर तर एक कावळा उडूनच गेला. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले. सावंत म्हणाले, "मगे वयनीन हात जोडल्यान." आई म्हणाल्या होत्या, तुमची खिडकीपाशची जागा तुमचीच राहील, तिथे दुसरं कुणी बसणार नाही. शब्द पुरा व्हायच्या आत कावळा शिवला.

मी मनात म्हटलं, काय अडाणी लोक आहेत. पक्ष्याला भूक लागली आणि यांना वाटलं सौदा ठरला. मग घरी येऊन आईंना विचारलं की मला आधी का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, जावयाला नाही कसं म्हणायचं? रेवती म्हणाली, मला वाटलं, आईला चालत असेल म्हणूनच ती बोलली नाही, आणि तू ऐकणारा आहेस का.

दुसरं कुणी बसणार नाही. आणि मी बसलो. मशीन पुसून बसलो. मग मी दुसरा कुणी उरलो नाही, असाच हिशेब लागतो ना? हसायला येत नाहीये.

शनिवार, २५ जानेवारी

भंगारवाल्याला वर बोलावून सगळं दिलं. मॉनिटर, डबा, वायरी, खुर्चीसुद्धा. गोवंडीला जाऊन तुकडे होतील म्हणाला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. रेवतीने टेबल पुसलं, खिडकी उघडली. मी तिला मिठी मारली. सुटलो.

संध्याकाळी तिने विचारलं, पुण्यात आपण पहिल्यांदा कुठे भेटलो. सहज विचारलं, हसत. मी सांगायला तोंड उघडलं.

मला माहीत नाही.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. मी मागे उभा राहणार होतो. मागे का नव्हतो ते आठवत नाही. हातात दोरी होती आणि गाठ बरोबर पडली होती. मी आयुष्यात झेंडा बांधलेला नाही. मग मी बोललो. कबुतरांबद्दल, पापडांबद्दल, गाड्या आडव्या लावणाऱ्यांबद्दल, नावं आणि मजले घेऊन. आधी सगळे हसले, त्यांना वाटलं जावई नक्कल करतोय. मग कुणीच हसेना. एक बाई पोराला घेऊन घरात गेली. सावंतांनी माझ्या हातातून दोरी काढून घेतली.

मी घाबरलोय. स्पष्ट लिहितो, मला भयंकर भीती वाटते. कॉम्प्युटर गेला तरी काम थांबलेलं नाही. ते डब्यात चाललंच नव्हतं. मी पुसला जातोय आणि माझ्यावर दुसरं काहीतरी चढतंय.

सावंत म्हणतात, शब्द ज्याने दिला त्यानेच परत घ्यायचा. आईंनी पिंड ठेवला होता त्या खाडीवर जाऊन सांगायचं की आता तुमची जागा इथे नाही. रेवती आईच्या पाया पडली. आई म्हणाल्या, उद्या जाऊ.

मंगळवार, २८ जानेवारी

आई आज म्हणाल्या, पाय दुखतायत. उद्या.

पुण्याहून फोन आला. एक बाई, रडवेला आवाज, निहार जेवलास का. मी म्हटलं, नमस्कार विहीणबाई, सगळं क्षेम ना? रेवतीने फोन ओढून घेतला, ती म्हणाली, आई होती ती, तुझी आई.

माझी आई. गोल चेहरा? चष्मा आहे का तिला?

गुरुवार, ३० जानेवारी

ऑफिसला गेलो नाही. कुठलं ऑफिस — रेवती म्हणते वांद्रे-कुर्ला. तिथे तर दलदल होती.

आईंशी रेवतीचं भांडण झालं. मी दाराआडून ऐकलं. रेवती ओरडत होती की माझा नवरा मला परत दे. आई म्हणाल्या, इतक्या महिन्यांनी घरात कुणीतरी खाकरलं गं. मला कळतं मी पाप करतेय. पण माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

मला तिची दया आली. तिची — सासूबाईंची. जयंतीबाईंची. असं लिहायला हवं. एकेरी लिहायचं नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

रेवतीने ठरवलंय. उद्या सकाळी पुण्याला. या घरापासून लांब गेलो तर मी वाचेन असं तिला वाटतं. मलाही. बॅगा भरल्या. ती खाली जाऊन रिक्षा आणणार, मी फक्त जिना उतरायचा. तिने मला हाताला धरून शिकवलं — चपला घाल, मागे बघू नकोस, आईने हाक मारली तरी ओ देऊ नकोस.

मी निहार आहे. रेवती माझी बायको. मी निहार. रेवती माझी —

हे मघाशी लिहिलंय. पुन्हा लिहितो. अक्षर बदललंय, किती टापटीप —

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळ. ती रिक्षा आणायला गेली. मी तयार आहे. चपला घातल्या. पाच मिनिटं, मग उतरायचं. तोवर लिहितो, लिहीत राहिलो तर मी —

जयंतीने चहा ठेवला. बोलली नाही. डोळे पुसत होती. नको म्हटलं. म्हटलं का? कप रिकामा आहे.

खिडकीशी खुर्ची आणून ठेवली आहे. स्वयंपाकघरातली. बसलो नाही. जरा टेकलो फक्त.

जिन्यात चपलांचा ढीग आहे. सांगून सांगून — नाही. उतरायचं आहे. उतर. निहार, ऊठ —

खाली रिक्षा उभी आहे. आडवी लावली आहे, अर्थातच. पोरगी रिक्षाच्या बाहेर येऊन वर बघून हाका मारते आहे. रडवेली झाली आहे. अख्खी इमारत गॅलरीत गोळा झाली, लाज नाही कुणाला. बॅगा भरून पोर उन्हात ताटकळते आहे आणि जावईबापूंचा पत्ता नाही. वेळेवर जिना उतरता येत नाही ज्याला, तो काय संसार करणार? खाली जाऊन तिला घरात घेऊन यावं. जयंती, माझा चष्मा कुठे आहे? पोरीला तेव्हाच बजावलं होतं, हा मुलगा कामाचा नाही, त्या गाढवाला मी पहिल्या दिवसापासून